न चढलेली पायरी

लखनौच्या मराठी माणसांत मधुकरराव निकमांना मान होता, तो त्यांच्या नोकरीमुळे नव्हता. ते एका मोठ्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात होते आणि तिथूनच निवृत्त झाले. पण सांगलीपासून नागपूरपर्यंत बऱ्याच घरांत त्यांचं नाव माहीत होतं ते चौकशीसाठी. लखनौत नोकरीला असलेला मराठी मुलगा किंवा इथेच वाढलेली मराठी मुलगी कुणाला सांगून आली, की तिकडून निकमांना फोन यायचा, जरा चौकशी कराल का म्हणून. इतक्या लांब येऊन घर बघणं कुणाला जमायचं नाही. त्यामुळे पत्रिका, फोटो आणि निकमांचा शब्द एवढ्यावर लग्नं ठरायची.

अलीगंजला आमचं घर त्यांच्या अगदी समोर. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जायचे, त्यामुळे हा सगळा उद्योग मी जवळून पाहिला आहे. खरं सांगायचं तर मला तो फारसा आवडायचा नाही. लोकांच्या घरात नाक खुपसायला तुम्ही चांगलं नाव शोधून काढलंय, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाले होते. ते रागावले नाहीत. नाक खुपसतो, पण पायरी चढून खुपसतो, असं म्हणाले.

हा त्यांचा नियम होता. ज्याच्याबद्दल मत द्यायचं त्याच्या घराची पायरी आपण चढलेली असली पाहिजे. मग ते स्कूटर काढायचे, मंडळाची वर्गणी नाहीतर गणपतीचं आमंत्रण असं काहीतरी निमित्त करून त्या घरी जायचे आणि चहा प्यायचे. मुलगा पाण्यासाठी आईला हाक मारतो की स्वतः उठतो, दारावर आलेल्या सब्जीवाल्याशी कसा बोलतो, बापासमोर किती बोलतो आणि बाप आत गेल्यावर किती बोलतो, हे सगळं बघून यायचे. फोनवर सांगायचे ते मोजकंच. मुलगा सरळ आहे पण तापट आहे, किंवा घर चांगलं आहे पण सासूचं चालतं. त्यांनी चांगलं म्हटलेलं स्थळ वाईट निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो दिसायचाही. त्यांची बायको मालिनीताई त्यांना आमचं गृहखातं म्हणायच्या.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. स्कूटर जिन्याखाली झाकून ठेवली गेली. त्यांचा मुलगा सुश्रुत बंगळूरला कॉम्प्युटरच्याच कंपनीत होता. त्याने वडिलांचा वेळ जावा म्हणून घरी कॉम्प्युटर बसवून दिला, ब्रॉडबँड घेऊन दिलं आणि लाइट सारखी जाते म्हणून इन्व्हर्टरही. निकमांना त्याचं वेड लागलं. सकाळचा पेपर बाजूला पडला.

दोन हजार आठ सालच्या पावसाळ्यात सुश्रुतने फोनवर सांगितलं, की एक नवं सर्च इंजिन निघालंय, मोठा गाजावाजा चाललाय, बाबा तुम्ही बघा. त्याचं नाव आज कुणाच्या लक्षातही नसेल. ते फार दिवस चाललं नाही. पण निकमांनी त्या दिवशी आम्हाला ते दाखवायला मुद्दाम बोलावून घेतलं. मी आणि मालिनीताई चहाचे कप घेऊन त्यांच्या मागे उभ्या राहिलो. एका बोटाने शोधत शोधत त्यांनी स्वतःचंच नाव टाइप केलं.

पान उघडलं ते एखाद्या मासिकासारखं. प्रत्येक गोष्टीचा चार ओळींचा मजकूर आणि त्याच्या शेजारी एक फोटो. निकमांच्या संस्थेच्या कुठल्याशा जुन्या अहवालात त्यांचे आभार मानलेले होते, ते बरोबर आलं. शेजारी फोटो मात्र पांढऱ्या दाढीच्या एका गृहस्थाचा होता, दोन्ही हातांत भलंमोठं कलिंगड धरलेला. हसून हसून आमची पुरेवाट झाली. या निकमांना दाढी शोभते हो, असं मालिनीताई म्हणाल्या. तेही हसले. नवीन आहे, शिकेल हळूहळू, म्हणाले.

तरी त्यांना ते नवं इंजिनच आवडायला लागलं, आणि त्याचं कारण मला नंतर कळलं. संस्थेत त्यांचं सगळं आयुष्य सारांश वाचण्यात गेलं होतं. परदेशातून संशोधन निबंधांच्या सारांशांचे जाडजूड खंड यायचे. चार ओळी वाचून कुठला निबंध कुठल्या साहेबाच्या कामाचा, हे निकम सांगायचे. मूळ निबंध त्यांना कधी वाचावा लागला नाही, ते काम साहेबांचं. चार ओळींवरून अख्खा निबंध ओळखायची त्यांना सवय होती आणि या नव्या इंजिनवर सगळं चार ओळींतच मिळायचं. त्यावर क्लिक करून आत जायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. पण ते जात नसत.

गणपती होऊन गेल्यावर त्यांना सांगलीहून श्रीरंग जाधवांचा फोन आला. श्रीरंग त्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्याची मुलगी देविका हिला लखनौचंच स्थळ आलं होतं. सत्यजित मोहिते, कानपूर रोडवरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा. वडील एअरफोर्समध्ये होते, ते इथे सरोजिनी नगरला घर बांधून वारले. घरात आई आणि मुलगा, दोघंच. ते एका लग्नाला सांगलीला गेले असताना मुलांनी एकमेकांना पाहिलं होतं, ती एकमेकांना आवडली होती आणि आता फोनवर रोज बोलतही होती. तुझा शब्द आला की सुपारी फोडतो, असं श्रीरंगने सांगितलं. निकम त्याला बघतो म्हणाले.

आता अलीगंज शहराच्या या टोकाला आणि सरोजिनी नगर त्या टोकाला. त्यात भाद्रपदातला उकाडा. रिक्षाने चौकापर्यंत, तिथून टेम्पो बदलत जायचं म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच. आज जाऊ, उद्या जाऊ करत काही दिवस गेले. मग एका सकाळी त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि त्या नव्या इंजिनवर सत्यजित मोहिते असं नाव टाकलं.

चार ओळींची बातमी आली. लग्नाचं आमिष दाखवून बायकांना फसवणाऱ्या सत्यजित मोहिते याला नाशिक पोलिसांनी अटक केली. आणि शेजारी फोटो. श्रीरंगने मेलवर पाठवलेल्या फोटोतला तोच मुलगा, तोच चष्मा.

त्यांनी मालिनीताईंना हाक मारली. त्यांनी वाचलं, तोंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तरी तुम्ही एकदा जाऊन या. मुलाची आई पद्मिनी मोहिते मंडळाच्या हळदीकुंकवाला कधीमधी यायची, तिला त्या ओळखत होत्या. अशी वाटत नाही हो ती, म्हणाल्या. निकम म्हणाले, फोटो समोर आहे, तिथे जाऊन ती बाई मला आणखी काय सांगणार? त्यांनी ते पान जसंच्या तसं श्रीरंगला मेलवर पाठवलं आणि लगेच फोन करून सांगितलं, की मुलीला यातून सोडव.

त्या संध्याकाळी मी गेले तेव्हा ते मोठ्या आनंदात होते. मित्राची मुलगी खड्ड्यात पडता पडता वाचली होती आणि तेही त्यांनी खुर्चीतून न उठता वाचवली होती. मी विचारलं, पायरी चढून आलात का? त्यांनी कॉम्प्युटरवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, आता पायरी इथेच आली. माझं डोकं फिरलं, पण मी ते पान पाहिलेलं नव्हतं आणि त्यांचा शब्द आजवर कधी खोटा ठरला नव्हता. मी चहा पिऊन घरी आले.

श्रीरंगने मोहित्यांना कळवलं, की पत्रिका जुळत नाही. आपल्याकडे नकार असाच देतात. मुलगा बुटका असो, घर लहान असो की मुलीच्या मनात दुसराच कुणी असो, दोष पत्रिकेचा. समोरच्याला लागू नये म्हणून हा रिवाज पडला असावा. पण त्यामुळे समोरच्याला खरं कारणही कधी कळत नाही, आणि स्वतःची बाजू मांडायची वेळ त्याच्यावर येतच नाही. श्रीरंग मोहित्यांशी पत्रिकेचं बोलला, पण आपल्या नात्यागोत्यात मात्र खरं बोलला. तिथून ते पसरलं.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी पद्मिनीबाई निकमांकडे आल्या. मी तिथेच होते. इतक्या लांबून टेम्पोने आलेल्या, चेहऱ्यावर धूळ, हातात स्टीलचा डबा. घरी केलेली थालीपिठाची भाजणी होती त्यात, इथे मिळत नाही म्हणून मालिनीताईंसाठी आणलेली. मालिनीताईंनी तो डबा घेतला आणि आत निघून गेल्या. निकम खुर्चीत ताठ बसले होते. फसव्या मुलाच्या आईशी जितकं बोलायला हवं तितकंच ते बोलत होते.

पद्मिनीबाईंनी हळूहळू विषय काढला. जाधवांकडून नकार आला, ठीक आहे, पत्रिकेला कोण काय करणार. पण त्यानंतर साताऱ्याच्या स्थळाने बैठक ठरवून मोडली. कोल्हापूरचे लोक तर आता फोनच उचलत नाहीत. कुणी काही बोलत नाही, पण काहीतरी आहे. मुलगा हल्ली जेवायला बसतो आणि अर्धं टाकून उठतो. एवढं सांगून त्या थांबल्या आणि निकमांकडे सरळ बघत म्हणाल्या, "निकमसाहेब, तुम्ही एवढ्या लोकांच्या मुलांची चौकशी करता. एकदा माझ्या मुलाची करा. त्याच्यात काय खोट आहे, ते मला सांगा."

निकमांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि विचारलं, सत्यजित मध्यंतरी नाशिकला होता का?

"नाशिक?" त्यांना काही कळेचना. "नाही हो. त्याने नाशिक पाहिलेलंसुद्धा नाही. शाळा, कॉलेज, नोकरी, सगळं इथेच. का हो?"

सहज, असं निकम म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पद्मिनीबाईंना त्यातलं काही दिसलं नाही. त्या उलट हलक्या झाल्या होत्या, कुणीतरी विचारलं तरी म्हणून. उठताना म्हणाल्या, "तुम्ही घरी या. पायरी चढल्याशिवाय तुम्ही मत देत नाही, असं सगळे सांगतात. म्हणून तर तुमच्याकडे आले."

त्या गेल्यावर निकम उठून कॉम्प्युटरपाशी आले. मग मला म्हणाले, विनीता, जरा ते पान उघडून बघतेस का? मी कॉम्प्युटर सुरू केला. तीच चार ओळींची बातमी, शेजारी तोच फोटो. मी बातमीवर क्लिक केलं. आत एका इंग्रजी वर्तमानपत्राचं पान होतं. नाशिकचा सत्यजित मोहिते पन्नाशी उलटलेला होता, त्याला मोठी मुलं होती आणि त्या पानावर फोटो कुणाचाच नव्हता. मग मी फोटोवर क्लिक केलं. सरोजिनी नगरच्या सत्यजितच्या कॉलेजचं पान उघडलं. स्नेहसंमेलनात तो एका विद्यार्थिनीला बक्षिसाचा कप देत होता. इंजिनने इथला फोटो उचलून तिथल्या बातमीला चिकटवला होता, बस.

निकम म्हणाले, माझं नाव टाक. मी टाकलं. दाढीवाले गृहस्थ अजून तिथेच होते, कलिंगड हातात धरून. या वेळी कुणी हसलं नाही.

मला माझ्या तोंडाला आवर घालता आला नाही. मी म्हणाले, गुडघे दुखतात म्हणून तुम्ही एका मुलाला चोर ठरवलंत. मालिनीताई दारात उभ्या होत्या, त्यांनीही मला गप्प केलं नाही. निकम मान खाली घालून ऐकत राहिले. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवी. त्या दिवशी किंवा नंतरही त्यांनी कॉम्प्युटरला दोष दिला नाही. इंजिन चुकलं असं ते कधीच म्हणाले नाहीत. हे त्याने मला आधीच दाखवलं होतं, मी हसलो आणि विसरलो, एवढंच म्हणाले.

त्यांनी तिथल्या तिथे श्रीरंगला फोन लावला. देविकाचा साखरपुडा झालेला होता, मुलगा पुण्याचा, लग्न माघात. निकमांनी सगळं सांगितलं. पलीकडून श्रीरंग म्हणाला, की झालं ते झालं, आता तो विषय नको. मग निकमांनी त्याच्याकडून कुणाकुणाला सांगितलंस ते विचारून घेतलं आणि त्या सगळ्यांना, सातारा, कोल्हापूर, जिथे जिथे ते पोचलं होतं तिथे, एकेकाला फोन करून सांगितलं की चूक माझी आहे, मुलगा निर्दोष आहे. बोलताना त्यांचा आवाज इतका खाली जायचा की पलीकडच्यांना पुन्हा विचारावं लागायचं. काहींनी तर विचारलं, निकमसाहेबच बोलताय ना?

राहिलं होतं ते सरोजिनी नगर. मालिनीताईंना पद्मिनीबाईंचा डबा परत द्यायचा होता आणि रिकामा डबा परत करायचा नसतो. त्यांनी बेसनाचे लाडू केले, डब्यात भरले आणि पुन्हा काढून ठेवले. लाडू न्यायला ही काय आनंदाची बातमी आहे, म्हणाल्या. शेवटी साखर भरली. आपण येत नाही, आपल्याला तोंड दाखवायला जमणार नाही, असंही म्हणाल्या. म्हणून निकमांना धरून न्यायला मी गेले.

आम्ही ऑटो केली. वाटभर त्यांनी तो डबा मांडीवर धरून ठेवला होता. घर छोटंच होतं, विमानतळाच्या भिंतीपलीकडे, दारात तुळस आणि खाली उतरणाऱ्या विमानांचा आवाज. दाराला पायऱ्या होत्या. निकम कठड्याला धरून वर चढले, माझा हात त्यांनी घेतला नाही.

आत गेल्यावर मला पळून जावंसं वाटलं. पद्मिनीबाईंनी घर झाडूनपुसून लखलखीत केलं होतं. पलंगावर नवी चादर, टेबलावर सत्यजितची सर्टिफिकेटं नीट मांडून ठेवलेली. पोह्यांच्या बशा तयार. येतोय एवढंच निकमांनी फोनवर कळवलं होतं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने चौकशीला माणूस आला होता. सत्यजित इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. मुलगी दाखवायला बसवतात ना, तसा. मी पाणी मागितलं तर तो स्वतः उठून घेऊन आला. निकमांनी ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

पोहे पुढे केल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. काही लपवलं नाही. श्रीरंगचा फोन, आपले गुडघे, ते इंजिन, ती बातमी, तो फोटो. मालिनी जा म्हणत होती तरी आपण आलो नाही, हेही सांगितलं. शेवटी पद्मिनीबाईंना म्हणाले, "तुम्ही विचारलं होतंत, मुलात काय खोट आहे. मुलात नाही. माझ्या चौकशीत होती."

पद्मिनीबाईंनी टेबलावरची सर्टिफिकेटं गोळा केली, कडा जुळवल्या आणि मांडीवर घेऊन बसल्या. सत्यजितला मराठी सगळं कळायचं, पण बोलायचा तो हिंदीतच. तो म्हणाला, "अंकल, एक बार आ जाते। मैं तो यहीं था।"

त्याचा आवाजही चढला नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, "वो पेज देविका ने भी देखा?"

निकम हो म्हणाले.

"और उसने मान लिया?"

त्यालाही निकमांना हो म्हणावं लागलं. देविकाने त्यानंतर त्याचा एकही फोन घेतला नव्हता, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, तिचं लग्न ठरलंय ते मला कळलंय, त्यात मला काही करायचं नाही. "बस उसको बता दीजिए कि मैं वैसा नहीं हूँ। और कुछ नहीं चाहिए।"

निकमांनी शब्द दिला. आम्ही उठलो तेव्हा पद्मिनीबाई पहिल्यांदा बोलल्या. चहा घेऊन जा, म्हणाल्या. तसं उठणं बरं दिसत नाही म्हणून त्या म्हणाल्या असतील. निकम परत बसले आणि त्यांनी तो चहा पुरा संपवला. निघताना सत्यजित सवयीने त्यांच्या पायांकडे वाकला. निकमांनी पाय मागे घेतले आणि दाराच्या चौकटीवर धडकले.

श्रीरंग फोनवर म्हणाला होता, की देविकाला मी सावकाश सांगतो. निकमांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मीही त्याला बघतो म्हणालो होतो, असं ते मला म्हणाले. त्या थंडीत, गुडघ्यांना पट्टे बांधून, ते मालिनीताईंना घेऊन मुंबईमार्गे सांगलीला गेले. तिथे काय झालं ते मालिनीताईंनी मला सांगितलं.

श्रीरंगने घरात अजून कुणालाच खरं सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे यांचं स्वागत झालं ते देविकाला वाचवणारे काका म्हणून. श्रीरंगच्या बायकोने त्यांना सोफ्यावर बसवलं, तुमचे उपकार फिटायचे नाहीत म्हणाली, लग्नाच्या साड्या दाखवल्या. निकम घामाघूम झाले होते. देविका चहा घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, बाळ, जरा मागच्या अंगणात येतेस? तिथे विहिरीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं. मालिनीताई शेजारी उभ्या होत्या.

सगळं ऐकून झाल्यावर देविकाने एकच विचारलं, मी खरं मानलं हे त्याला कळलंय का? निकम हो म्हणाले. तिच्या हातात अजून चहाचा रिकामा ट्रे होता. ती म्हणाली, "काका, हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं. आता मी याचं काय करू?" आणि आत गेली. लग्न ठरल्याप्रमाणे झालं. निकम त्यासाठी थांबले नाहीत.

परत आल्यावर ते एकटेच सरोजिनी नगरला गेले. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. दुपारी गेलेले ते दिवेलागणीला परतले. ऑटोतून उतरून ते माझ्या फाटकाशी उभे राहिले, समोरच असलेल्या त्यांच्या घरी गेले नाहीत. मी बाहेर आले.

मी विचारलं, भेटला का? भेटला, म्हणाले. देविका काय म्हणाली ते त्याने विचारलं. विचारणारच होता. मी विचारलं, मग काय सांगितलंत?

"सांगितलं की बरं झालं सांगितलंत, असं म्हणाली. मनात काही ठेवू नकोस, असा तुला निरोप दिलाय, असं सांगितलं." ते फाटकाच्या गजाला धरून उभे होते. "तो रडला गं. मग हसला. थँक यू अंकल म्हणाला. त्याच्या आईने मला जेवायचा आग्रह केला."

मी म्हणाले, चांगलं केलंत. मनापासून म्हणाले. त्यांनी मान हलवली.

"इतक्या वर्षांत चौकशीत मी कधी खोटं सांगितलं नव्हतं, विनीता. तेव्हासुद्धा नाही, मला ते खरंच वाटलं होतं. आज पहिल्यांदा खोटं सांगितलं. आणि त्याने एकदाही उलटून विचारलं नाही." फाटकाचा गज सोडत ते म्हणाले, "मी स्वतः जाऊन आलो होतो ना, म्हणून."

त्यानंतर कुणाच्या चौकशीचा फोन आला की मालिनीताईच उचलायच्या आणि त्यांनी ते काम सोडलं म्हणून सांगायच्या.